सल्फा, गंधक आणि नीळ

वेंगुर्ल्याच्या एका वाचकाचा प्रश्न : घरातली जुनी माणसं म्हणत, गाठीच्या तापावर, म्हणजे प्लेगवर, पुढे ‘गंधकाच्या गोळ्या’ निघाल्या. त्या सल्फा औषधाच्या होत्या म्हणे. मग सल्फा म्हणजे गंधकच ना?

नाही हो! औषधाच्या दुकानात ‘मला सल्फर चालत नाही’ म्हणणारा माणूस घरी लसणीची चटणी मिटक्या मारत खातो, आणि लसणीत गंधक असतोच. त्याला सोसत नाही ते एक विशिष्ट संयुग. त्या संयुगाच्या रेणूत गंधकाचा अणू आहे, एवढंच नातं. राजापूरजवळ उन्हाळे गावच्या कुंडात गंधकाचं पाणी आहे. त्यात डुंबून प्लेग गेल्याचं कुणी सांगितलेलं नाही.

आता कुणीतरी ‘शुल्बारि’ घेऊन येईल. शुल्ब म्हणजे तांबं, त्याचा अरि तो गंधक, म्हणून सल्फर! संस्कृत कोशांत शब्द आहे, कबूल. पण तो लॅटिनात गेला कधी, कुठल्या वाटेनं? कानाला जुळलं की झाली व्युत्पत्ती, असा हा कारभार.

खरी गंमत पुढच्या अक्षरांत आहे. मूळ औषध सल्फानिलामाइड. सल्फ सोडा, मधलं ‘अनिल’ बघा. हा वारा नव्हे, ही आपली नीळ! संस्कृत नीली, फारसी नील, अरबी अन्‌-नील, पोर्तुगीज अनिल. निळीतून काढलेल्या द्रव्याला १८४० च्या सुमारास ॲनिलीन नाव मिळालं, त्यावर रंगांचे कारखाने उभे राहिले, आणि रंगांच्याच शोधात जर्मनीत डोमाक या संशोधकाला प्रॉन्टोसिल हे जंतूंवरचं औषध सापडलं. तो लालभडक रंगच होता! त्यातला गुणकारी भाग सल्फानिलामाइड, हे १९३५ मध्ये पॅरिसला कळलं. कोशकार ‘अनिल’चं सगळं श्रेय स्पेनच्या अरबांना देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. गोव्याच्या धक्क्यावर निळीच्या गोणी मोजणाऱ्या पोर्तुगीजांच्या तोंडी तो शब्द रोज घोळला, म्हणून तो टिकला, असं माझं मत. कोशकारांनी एकदा किनाऱ्यावर यावं.

हां, प्लेग. परळच्या हाफकिन संस्थेत संचालक सोखींच्या कारकिर्दीत, १९४० च्या आसपास, सल्फापायरिडिन आणि सल्फाथायाझोल ही सल्फा औषधं प्लेगवर वापरून पाहिली. प्लेगचे जंतू वाढीला लागणारं फॉलिक ॲसिड स्वतः तयार करतात; सल्फा तिथेच खोडा घालतं. गाठीच्या प्लेगला गुण आला, फुप्फुसाच्या प्लेगपुढे मात्र फारसं चाललं नाही. पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक आलं. तेव्हा गोळ्या खऱ्या, ‘गंधकाच्या’ हे विशेषण चुकीचं. ‘निळीच्या गोळ्या’ म्हणाला असतात तर मी वाद घातला नसता.