वाचकांचे प्रश्न : लीच्यांग ते देचिन, एका दिवसात?

प्रश्न : आम्ही नाशिकमधील सहा जण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनच्या युन्नान प्रांतात जाणार आहोत. सहल आखणाऱ्यांनी दिलेल्या कार्यक्रमात एका दिवसासाठी ‘सकाळी सहा वाजता लीच्यांगहून प्रस्थान, वाटेत शांग्रिला, सायंकाळी देचिन येथे मुक्काम, अंतर 350 किलोमीटर’ असे लिहिले आहे. मुंबईला जाऊन नाशिकला परत येण्याइतकेच हे अंतर असल्याने आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. मात्र सोबत 67 वर्षांच्या सासूबाई आहेत आणि त्यांना कसारा घाटातसुद्धा गाडी लागते. हा दिवस त्यांना झेपेल का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : झेपणार नाही, आणि खरे सांगायचे तर तुम्हा सहांपैकी कोणालाच तो सुखाचा जाणार नाही. अंतराचा आकडा बरोबर आहे, पण त्या रस्त्यावर किलोमीटरपेक्षा चढउतार मोजावा लागतो. लीच्यांग समुद्रसपाटीपासून सुमारे 2,400 मीटरवर आहे. तेथून रस्ता चिन्शा नदीच्या, म्हणजे यांगत्सेच्या वरच्या प्रवाहाच्या, खोऱ्यात उतरतो आणि पुन्हा चढत शांग्रिलाला 3,200 मीटरच्या आसपास पोहोचतो. पुढे हाच प्रकार अधिक तीव्र होतो : बन्त्झलान गावाशी रस्ता परत चिन्शाच्या काठी, सुमारे 2,000 मीटरपर्यंत खाली येतो आणि तेथून बायमा हिमपर्वताच्या खिंडीकडे निघतो, जी जुन्या रस्त्याने 4,200 मीटरहून उंच आहे. आपले कळसूबाई 1,646 मीटरचे. त्याहून अधिक चढण एका दुपारी गाडीत बसल्या बसल्या चढायची आणि मग अंधारात देचिनला उतरायचे, असा तो कार्यक्रम आहे.

काही वर्षांपूर्वी मी हाच दिवस काढला आहे. आमच्याही कागदावर ‘सायंकाळी मुक्काम’ असेच होते. प्रत्यक्षात आम्ही रात्री साडेदहाला पोहोचलो. गाडी तिथे सर्रास दिसणारी छोटी व्हॅन होती, जिला चिनी लोक तिच्या आकारावरून ‘म्येनपाओ छ’, म्हणजे पावगाडी म्हणतात, आणि त्या पावात आम्ही आठ जण सामानासह भरलेले होतो. बन्त्झलानपर्यंत उकाडा आणि निवडुंग, त्यानंतर तीन तासांत स्वेटर, कानटोपी. खिंडीच्या अलीकडे दरड कोसळली होती आणि ती उपसणारे एकच यंत्र होते. पुढे-मागे ट्रकांची रांग लागली, लोक खाली उतरून सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले, आणि साडेतीन तास कोणी आवाज चढवला नाही. (हे मला कसाऱ्यात कधी पाहायला मिळालेले नाही.) एका आजीबाईंनी आपल्या थर्मासमधले गरम पाणी न विचारता माझ्या पेल्यात ओतले, त्याची चव मला अजून आठवते, जरी त्याला चव अशी काही नव्हती.

त्या रांगेत एक गोष्ट जवळून पाहिली. उताराच्या वळणांवर जागोजागी पाण्याची रबरी नळी अखंड वाहत असते आणि शेजारी पाटीवर ‘च्या श्वेइ’, म्हणजे ‘पाणी भरा’, अशी दोन अक्षरे रंगवलेली असतात. मला वाटले रेडिएटरसाठी. पण अवजड ट्रकांना वेगळी टाकी बसवलेली असते आणि लांब उतारावर तिच्यातले पाणी बारीक नळ्यांनी चाकांच्या ब्रेक ड्रमवर पडत राहते, जेणेकरून ते तापून ब्रेक निकामी होऊ नयेत. आमच्या पुढचा ट्रक थांबला तेव्हा त्याच्या चारी बाजूंनी भजी सोडलेल्या कढईसारखी वाफ निघत होती. आमचे चालक, ज्यांना तिकडे आदराने ‘शीफू’ म्हणतात, गाडी खालच्या गियरमध्ये ठेवून त्या ट्रकच्या मागे पुरेसे अंतर राखून उतरत राहिले.

तेव्हा कार्यक्रम असा बदलून घ्या. लीच्यांग ते शांग्रिला हा टप्पा रेल्वेने करा. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर साधारण दीड तास लागतो आणि घाटाचा प्रश्नच उरत नाही. शांग्रिलाला किमान दोन रात्री राहा, म्हणजे शरीराला उंचीची सवय होईल. त्यानंतरच, तेही सासूबाईंची प्रकृती पाहून, देचिनचे सुमारे 180 किलोमीटर दिवसाउजेडी पार करा. सकाळी सहाचे प्रस्थान मात्र रद्दच करावे, कारण संपूर्ण चीनमध्ये बीजिंगची एकच वेळ चालते आणि इतक्या पश्चिमेला ऑक्टोबरमध्ये सात वाजून गेल्याशिवाय उजाडत नाही. चालकाने सलग चार तासांहून अधिक गाडी चालवू नये आणि मध्ये किमान 20 मिनिटे थांबावे, असा तिथला नियमच आहे. तो पाळण्याचा आग्रह धरायला संकोच करू नये.

सासूबाईंच्या बाबतीत एक फरक ओळखायला शिका. गाडी लागली असेल तर गाडी थांबवून मोकळ्या हवेत बसल्यावर थोड्या वेळाने बरे वाटते. उंचीचा त्रास असेल तर थांबूनही डोके ठणकतच राहते, मळमळ हटत नाही, चालताना तोल जातो किंवा बसल्या जागी धाप लागते; अशा वेळी आवळासुपारी देत बसण्यापेक्षा खाली उतरणे हाच उपाय असतो. 4,200 मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे 60 टक्केच असतो. त्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असल्यास नाशिकमध्येच डॉक्टरांना दाखवून घ्या आणि उंचीवरच्या त्रासाच्या गोळ्या त्यांच्या सल्ल्याशिवाय देऊ नका.

तारखाही पुढे ढकलता आल्या तर पाहा. 1 ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन असल्याने तो आठवडा देशभर सुट्टीचा असतो आणि घाटातली रांग दरड न कोसळताही लागते.

प्रश्न : युन्नानमध्ये गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवता येईल का? आंतरराष्ट्रीय परवाना आहे. शिवाय आम्ही शाकाहारी आहोत.
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : तो परवाना चीनच्या मुख्य भूमीवर चालत नाही, तिथला तात्पुरता परवाना काढावा लागतो. त्यात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून घाटात तरी स्थानिक चालकच घ्या. जेवणासाठी ‘वो छ्र सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, हे पाठ करा, परंतु भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, हे ध्यानात ठेवून ‘सू’ला ‘तेल कोणते?’ हा प्रश्न जोडा. गरम पाणी बहुतेक ठिकाणी मिळते. त्यामुळे दशम्या, मेतकूट आणि तयार उपम्याची पाकिटे नेलीत, तर दरडीच्या रांगेतही जेवण होईल.