वरच्या फ्लॅटमधून गळती होते, वरचे काका दाद देत नाहीत. पोलिसांत तक्रार करू का?

नका करू. गळती हा दिवाणी मामला. पोलीस फार तर तुमचा अर्ज ठेवून घेतील, पण दारात हवालदार येऊन गेला की वरचे काका पुन्हा तुम्हाला बाथरूममध्ये पाऊल ठेवू देणार नाहीत. आणि दुरुस्ती तर त्यांच्याच बाथरूममध्ये व्हायची आहे.

मी हेच केलं होतं, फक्त पोलिसांऐवजी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर छताचे फोटो टाकले. वरच्या काकूंचा सगळ्यांसमोर अपमान झाला आणि आठ महिने काम अडलं. त्याची खंत मला आजही आहे.

आधी पाणी कुठलं ते शोधा. ओल चोवीस तास सारखीच राहत असेल तर बहुधा नळाची आतली पाइपलाइन. अंघोळीनंतर वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतलं पाणी जाण्याचं तोंड) किंवा फरशीचे सांधे. पावसाळ्यातच येत असेल तर बाहेरची भिंत, म्हणजे काकांचा काही दोष नाही! मी शेवटी एका रविवारी प्लंबरला घेऊन वर गेलो, काकूंची माफी मागितली. नहाणीचं तोंड बंद करून एक दिवस पाणी साठवून ठेवलं. संध्याकाळी त्या स्वतः खाली आल्या, माझ्या छताला हात लावून पाहिला. तिथेच भांडण मिटलं.

खर्चाचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) स्पष्ट आहे: संडास, सिंक वगैरेंची आतली गळती त्या फ्लॅटधारकाने, पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची सोसायटीने दुरुस्त करायची. वरच्या काकांनी तरीही नकार दिला तर सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कमिटीने पुढच्या सभेत निर्णय घेऊन पंधरा दिवसांत कळवायचा असतो. सहकार न्यायालय (महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ९१) त्यानंतर. तिथे वर्षं जातात आणि जिना तर रोज तोच चढायचा असतो.

एक मात्र पाळा. काम झाल्यावर छत लगेच रंगवू नका. मुरलेलं पाणी स्लॅबमधून सुकायला बरेच आठवडे लागतात. तोवर डाग दिसतच राहतो. हे काकांना आणि घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर काम फुकट गेलं म्हणून पुन्हा वाद पेटेल.