मामाजींना लढाईची कादंबरी ऐकवू द्यायची का?

‘मुलगी रोज संध्याकाळी मामाजींना ती लढाईची कादंबरी सांगते आणि ते रात्रभर जागून राहतात. पुस्तक बंद करायला सांगू का, मॅडम?’

कामठी रोडकडच्या एका सुनेनं डिसेंबरात विचारलेला हा प्रश्न. असाच प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात. कुणाचा मुलगा एनडीएची तयारी करत असतो आणि आई युद्धकथा कपाटात वर ठेवून देते. कुणाची मुलगी काहीतरी वाचून दोन दिवस नीट जेवत नाही. लढाईचं वाचून माणूस खचतो का, हीच सगळ्यांची काळजी. या घरानं लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

तिचे मामाजी म्हणजे सासरे, निवृत्त सुभेदार, वय पंच्याहत्तरच्या पुढे, 1971 साली पूर्वेच्या आघाडीवर होते. नात बीएला, इंग्रजी वाङ्मय घेतलेलं. तिला एरिश मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची पहिल्या महायुद्धावरची 1929 ची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ अभ्यासाला होती. ‘काय वाचून राहिली एवढं?’ असं आजोबांनी विचारलं, म्हणून ती रोज थोडी थोडी मराठीत सांगू लागली. लवकरच आजोबा पहाटे तीनला अंगणात फेऱ्या मारताना दिसू लागले. सासूबाईंचा निकाल तयार होता : ‘घरात महाभारत वाचू नये म्हणतात, ते काही खोटं नाही.’

मी विचारलं, मागच्या डिसेंबरात कसे होते?

सून आठवू लागली. उत्तर आलं ते सासूबाईंकडून. ‘डिसेंबरात ते असेच असतात जी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून. आम्ही थंडीवर ढकलतो.’

ते युद्ध 3 डिसेंबरला सुरू झालं आणि 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. मोठ्या आघातानंतर दरवर्षी त्याच दिवसांत झोप उडणं, चिडचिड होणं, माणसं नकोशी होणं आमच्या कामात नेहमी दिसतं. बरेचदा त्या माणसाला स्वतःलाही तारखेचा संबंध लक्षात आलेला नसतो. नागपूरच्या डिसेंबरात भर घालायला गोष्टीही पुष्कळ : हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त, गाड्यांचे सायरन, लग्नाच्या वरातीतले फटाके. यंदा घरात कादंबरीही होती, म्हणून सगळ्याचं खापर तिच्यावर फुटलं.

मात्र पुस्तकाचा काहीच संबंध नव्हता, असंही नाही. सुभेदारसाहेब स्वतः आले तेव्हा ते एकाच प्रसंगाबद्दल बोलले. कादंबरीतला तरुण सैनिक पाउल रजेवर घरी येतो. त्याचा सोबती केमेरिख पाय कापल्यानंतर इस्पितळात हाल होऊन गेलेला असतो. पाउल त्याच्या आईला सांगतो की तो एका क्षणात गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. ती विश्वास ठेवत नाही, शपथ घ्यायला लावते, आणि तो शपथ घेतो. नातीनं हे सांगितलं तेव्हा आजोबा उठून आत गेले होते. माझ्यासमोर म्हणाले, ‘आपणही एका घरी असंच सांगून आलो होतो, मॅडम. हे त्या जर्मन माणसाला कसं माहीत?’

युद्धावरचं चांगलं साहित्य काय करतं, ते मला या प्रश्नात दिसतं. जी गोष्ट ‘फक्त माझीच, आणि लाजेची’ म्हणून माणसानं पन्नास वर्षं दडवली, ती दुसऱ्या देशातल्या, शत्रू-मित्राच्या वेगळ्याच हिशोबातल्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली सापडते. झोप त्यामुळेही उडते. पण ती आठवण पुस्तकानं त्यांच्या मनात घातलेली नव्हती.

लेखकांनी हे अधिकृत निदान येण्याच्या बरंच आधी लिहून ठेवलं होतं. व्हर्जिनिया वूल्फच्या 1925 च्या ‘मिसेस डॅलोवे’मध्ये पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सेप्टिमसला लंडनच्या बागेत मेलेला सोबती दिसतो, आणि डॉक्टर मात्र सांगतात की याला काहीही झालेलं नाही. अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत सूचीत पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान आलं 1980 साली. आणि आपलं महाभारत? युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिराला राज्य नको होतं. स्त्रीपर्वात बायका रणांगणावर आपापली माणसं शोधत फिरतात, तिथंच त्याला कळतं की कर्ण आपला थोरला भाऊ होता. मग शांतिपर्वात भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण, भीष्म सगळे त्याच्याशी बोलत राहतात. अठरा दिवसांच्या लढाईनंतर जिंकलेल्या राजाची समजूत काढायला एवढं मोठं पर्व लागलं. टीव्हीवरच्या महाभारतातलं आपल्या लक्षात राहतं ते मुख्यतः युद्धच. सिनेमावाले तर झेंडा फडकला की दिवे लावतात. जवान घरी आल्यावर जेवणाच्या ताटावर गप्प का बसतो, हे दाखवण्यात त्यांना रस नसतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. साहित्य मोडलेल्या माणसांकडे जास्त बघतं. लढून आलेले पुष्कळ जण पुढं नीट नोकरी करतात, शेती करतात, नातवंडांना शाळेत सोडतात, शांत झोपतात. कादंबरी वाचून घरातल्या प्रत्येक फौजीला रुग्ण ठरवू नका.

सुनेला मी सांगितलं : पुस्तक लपवू नका, फक्त वेळ बदला. रात्रीच्या जेवणानंतर नको, सकाळच्या चहाला सांगू दे. पुढं अंगावर येणारा प्रसंग असेल तर नातीनं आधीच विचारावं, ‘आबा, सांगू की सोडून देऊ?’ त्यांनी ‘राहू दे’ म्हटलं की राहू द्यायचं. आणि ‘किती मारले?’, ‘भीती वाटली का?’ हे प्रश्न पाहुण्यांनाही विचारू देऊ नका. पाउलच्या गावातली मंडळी त्याला मद्याच्या टेबलावर युद्ध कसं जिंकायचं ते शिकवतात. असे युद्धतज्ज्ञ आपल्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत भेटतात.

सुभेदारसाहेबांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं, कारण वाईट स्वप्नं रोजची झाली होती आणि गोष्ट ऐकणं हा त्यावरचा उपचार नव्हे. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, दारू वाढली असेल, माणूस जागेपणी पुन्हा तिथंच असल्यासारखा वागत असेल किंवा ‘आता जगून काय करायचं’ असं बोलत असेल, तर थांबू नका. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती आधी दुसरीकडे ठेवा. निवृत्तीनंतर पहारेकऱ्याची नोकरी केलेल्यांच्या घरी ती असू शकते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही.

कादंबरी पूर्ण झाली. शेवटी पाउल मरतो, युद्ध संपायला महिनाभर असताना. आजोबा म्हणाले, ‘लेखकानं त्याला सोडवलं.’ या वाक्यावर आम्ही नंतर बरंच बोललो, कारण ते ऐकून मला काळजी वाटली होती. स्वतःच्या मरणाचा विचार येतो का, हे मी त्यांना थेट विचारलं. येत नाही म्हणाले; मागं राहिल्याचं ओझं मात्र वाटतं. त्या सोबत्याच्या आईला खोटं सांगितलं याचं त्यांना आजही बरोबर-चूक ठरवता येत नाही, आणि ते मी ठरवून देणार नाही.

सुनेचा शेवटचा प्रश्न पुढच्या डिसेंबरचा होता. आम्ही मिळून ठरवलं ते असं : नोव्हेंबरच्या अखेरीलाच डॉक्टरांची वेळ घ्यायची, त्या पंधरवड्यात घरात मोठा समारंभ ठेवायचा नाही, आणि 16 डिसेंबरच्या विजय दिवसाच्या कार्यक्रमाला जायचं की नाही, ते फक्त सुभेदारसाहेब सांगतील.