पडद्यावरचा आकडा आणि बाळाचा श्वास

प्रश्न : आमच्या मुलाचा जन्म २९ व्या आठवड्यात झाला आणि जन्माच्या वेळी त्याचे वजन ११५० ग्रॅम होते. पहिल्याच दिवशी त्याच्या फुप्फुसात औषध सोडले आणि आता तो सीपॅप या श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रावर आहे. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ९० ते ९४ च्या मध्ये खालीवर होत असतो. कोविडच्या काळात आकडा ९४ च्या खाली गेला की दवाखाना गाठा, असे सांगत असत. मग येथे ऑक्सिजन वाढवून तो १०० वर का नेत नाहीत, असे घरचे सगळे विचारतात. शिवाय अलार्म सारखा वाजतो आणि दर वेळी माझ्या पत्नीच्या पोटात गोळा येतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : घरच्यांची शंका स्वाभाविक आहे, परंतु कोविडच्या काळात आपण सर्वांनी पाठ केलेला नियम मोठ्या माणसांसाठी होता. ऑक्सिजन घेत असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी ९० ते ९५ हीच सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि आपल्या मुलाचा आकडा नेमका तेथे आहे.

ऑक्सिजन हे औषध आहे आणि औषधाप्रमाणेच त्यालाही मात्रा असते. डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढत जातात व ही वाढ पूर्ण दिवस भरण्याच्या सुमारास संपते. २९ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या पडद्याचा बराचसा भाग अद्याप रक्तवाहिन्यांविना असतो. अशा वेळी जास्त ऑक्सिजन मिळाला तर त्यांची वाढ खुंटते, आणि काही आठवड्यांनी तेथे वेड्यावाकड्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवून पडदा ओढला जाण्याची भीती निर्माण होते. हा आजार १९४२ मध्ये बोस्टन येथे प्रथम नोंदवला गेला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत, ज्या देशांत अशा बाळांना ठेवण्याच्या काचेच्या पेट्या आणि मुबलक ऑक्सिजन उपलब्ध होता त्याच देशांत हजारो बालके अंध झाली, आणि पन्नाशीच्या दशकातील अमेरिकी अभ्यासाने कारण सिद्ध केले. मग ऑक्सिजन फारच कमी देण्याकडे कल झुकला, तेव्हा बालके दगावू लागली. पुढे २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या सुमारे ५००० बालकांवर विविध देशांत झालेल्या पाच अभ्यासांत ८५ ते ८९ आणि ९१ ते ९५ अशा दोन पट्ट्यांची तुलना झाली. खालच्या पट्ट्यातील बालकांमध्ये मृत्यू आणि आतड्यांचा गंभीर आजार अधिक आढळला, तर वरच्या पट्ट्यात डोळ्यांवर उपचार करण्याची वेळ अधिक वेळा आली. जीव आधी, म्हणून वरचा पट्टा स्वीकारला गेला. परंतु त्याच्याही वर जाण्यात बाळाचे हित नाही.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. पल्स ऑक्सिमीटर रक्तातील किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरले आहे, एवढेच सांगतो. आकडा ९८ किंवा १०० झाला की रक्तात प्रत्यक्ष ऑक्सिजन पुरेसा आहे की दुपटीने अधिक, हे त्यावरून कळत नाही. म्हणून ऑक्सिजन चालू असताना वरच्या मर्यादेचाही अलार्म लावलेला असतो आणि तो वाजला की सिस्टर ऑक्सिजन कमी करतात. तेच बाळ साध्या हवेवर असताना ९९ दाखवत असेल, तर मात्र काळजीचे काहीच कारण नाही.

आता सीपॅपविषयी. फुप्फुसातील वायुकोश आतून ओलसर असतात, आणि दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटाव्यात तसे ते श्वास सोडताना मिटू पाहतात. हे मिटणे रोखणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा तयार होत नाही. आपल्या मुलाच्या फुप्फुसात सोडले ते हेच औषध. ते डुकराच्या किंवा गाईच्या फुप्फुसांपासून काढून शुद्ध केलेले असते. सीपॅप श्वास ‘देत’ नाही. श्वास बाळ स्वतःच घेत असते, यंत्र केवळ हवेचा सतत दाब ठेवून वायुकोश उघडे राखते. बबल सीपॅपमध्ये तर हा दाब बाहेर जाणाऱ्या नळीचे टोक पाण्यात किती बुडवले आहे यावर ठरतो. पाच सेंटिमीटर खोल असेल तर पाच सेंटिमीटर पाण्याइतका दाब. इतकी साधी रचना असल्यामुळेच ती लहान शहरांतील रुग्णालयांतही वापरता येते. त्या बाटलीतले बुडबुडे थांबले तर कोठेतरी हवा गळते आहे असे समजून सिस्टरना जरूर सांगावे.

अलार्मचे म्हणाल, तर त्यांपैकी पुष्कळसे बाळाने पाय हलवल्यामुळे किंवा सेन्सरची पट्टी सैल झाल्यामुळे वाजतात. खरा अलार्म असतो तो श्वास थांबण्याचा. या वयात मेंदूतील श्वासाचे नियंत्रण अपक्व असते. पाच-दहा सेकंदांचा खंड पडून श्वास आपोआप सुरू होणे हे नेहमीचेच आहे. खंड २० सेकंदांपेक्षा लांबला, किंवा त्याआधीच हृदयाचे ठोके मंदावले वा आकडा घसरला, तर त्याला अॅप्निया म्हणतात. बहुतेक वेळा तळपायाला किंवा पाठीला हलकेच चोळले की श्वास पूर्ववत होतो, आणि पुन्हापुन्हा असे होऊ नये म्हणून कॅफीन हे औषध दिले जाते. सिस्टर अलार्म वाजताच यंत्राकडे न पाहता आधी बाळाचा रंग आणि छाती पाहतात, तो निष्काळजीपणा नसून योग्य क्रम आहे. हे आपल्या पत्नीला कोणीतरी शेजारी उभे राहून एकदा दाखवावे. त्या माउलीला तेवढे मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.

बाळ स्थिर असेल तर सीपॅप चालू असतानाही त्याला आईच्या किंवा आपल्या उघड्या छातीवर ठेवता येते. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ ते १.८ किलो वजनाच्या बालकांना जन्मानंतर लगेच अशी कांगारू सेवा सुरू केल्यावर मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. डॉक्टरांना याविषयी आजच विचारावे.

प्रश्न : सुनेला ३१ वा आठवडा चालू आहे आणि कळा लवकर येण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली आहे. सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, असे आमच्याकडे म्हणतात. ते खरे आहे का?
— एक वाचिका, जालना

उत्तर : खरे नाही. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा फुप्फुसांना बळ देतो, त्यामुळे आठव्या महिन्यातील मूल सातव्यातील मुलापेक्षा अधिक सुरक्षित असते. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचा, केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी, दोन किलोंहून थोड्या अधिक वजनाचा जन्मला आणि फुप्फुसे अपक्व राहिल्याने होणाऱ्या आजाराने दोन दिवसांत गेला. नवजातांसाठी सीपॅप तेव्हा नव्हता. त्याचा वापर १९७१ मध्ये, तर सर्फॅक्टंटचा यशस्वी उपचार जपानमध्ये १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. आज तशी बहुसंख्य बालके सुखरूप घरी जातात.

आपण आज करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याची शक्यता असेल, तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने दर १२ तासांनी एक याप्रमाणे चार वेळा देतात. त्यांनी बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. आपल्या देशात सरकारी रुग्णालयांसाठीही २०१४ पासून तशा सूचना आहेत. कळा सुरू झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयात सुनेची नोंद आताच करावी. जन्मल्यानंतर बाळाला रुग्णवाहिकेतून नेण्यापेक्षा ते आईच्या पोटातच तेथे पोहोचणे केव्हाही चांगले.

प्रश्न : ३२ व्या आठवड्यात जन्मलेली आमची मुलगी आता घरी येणार आहे. घरी मॉनिटर आणावा का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : बहुतेकांना गरज नसते. कॅफीन बंद केल्यावर साधारण पाच ते सात दिवस अॅप्निया झाला नाही, याची खात्री करूनच बाळाला घरी सोडतात. औषधांच्या दुकानात मिळणारा बोटावरचा ऑक्सिमीटर मोठ्यांच्या बोटासाठी बनवलेला असतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तो चुकीचे आकडे दाखवून निष्कारण रात्री जागवतो. तिला पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावर निजवावे. घरात तंबाखूचा आणि चुलीचा धूर नसावा, आणि न्हाऊ घातल्यावर धुरी देण्याची प्रथा या मुलीपुरती तरी सोडून द्यावी. श्वास मिनिटाला ६० च्या वर जात असेल, छाती आत ओढली जात असेल, कण्हण्याचा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ती दूध ओढेनाशी झाली असेल, तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली आहे का, हे मात्र डिस्चार्जच्या आधी विचारावे. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाची ती जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. डोळे वरून स्वच्छ दिसत असले तरी ती चुकवू नये, कारण उपचाराची गरज निघाली तर तो दोन-तीन दिवसांतच करावा लागतो.