घरच्या पोर्चमध्ये गाडीला स्प्रे: आधी हवा बघा, मग गन

वाचकांचे प्रश्न: गाडी आणि गॅरेज
उत्तरं देतायत कोल्हापूरच्या उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगचं दुकान चालवणारे एक पेंटर

प्रश्न: माझ्याकडे जुनी चंदेरी हॅचबॅक आहे. बॉनेटचा लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) पापुद्र्यासारखा निघालाय आणि डाव्या दरवाजावर ओरखडे आहेत. घराच्या पोर्चमध्ये स्वतःच स्प्रे करायचं ठरवलंय. मेहुणे म्हणतात, चांगली इंपोर्टेड गन घे, निम्मं काम झालं. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाची) घेऊ की साधी? नोझल किती नंबरचं? कॉम्प्रेसर 1 एचपीचा मिळतोय, चालेल का?
– एक वाचक, कळंबा

उत्तर: तुमच्या पत्रात गनबद्दल तीन ओळी आहेत आणि कॉम्प्रेसरबद्दल एक. दुकानात शिकायला येणारी पोरं पण असंच करतात. गन हातात मिरवता येते, कॉम्प्रेसर कोपऱ्यात धडधडत बसतो. पण रंगाचे बारीक कण करते ती हवा. ती कमी पडली की महागातली गनसुद्धा रंग थुंकते आणि पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा येतो.

एचव्हीएलपी गनमध्ये रंग वाया कमी जातो, कारण हवेचा दाब कमी असतो. पण तिला हवा भरपूर लागते, साधारण 10 ते 14 सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट. 1 एचपीच्या कॉम्प्रेसरकडून त्याच्या जवळपाससुद्धा हवा मिळत नाही. वर पाटीवर छापलेला आकडा बहुतेक वेळा पिस्टनच्या मापाचा असतो, प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा त्याच्या दोन तृतीयांशच्या आसपास धरा. टाकी मोठी घेतली म्हणून भागत नाही. टाकीत हवा साठते, तयार होत नाही. बॉनेटच्या मध्यावर आलात आणि दाब उतरला, तर अर्धा बॉनेट एका पोताचा आणि अर्धा दुसऱ्या.

म्हणून घरच्या सिंगल फेजवर माझा सल्ला असा: 2 एचपीचा, 50 लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आणि एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) जातीची, वर कप असलेली गन. तिचं 4 ते 7 सीएफएममध्ये भागतं. बेस (मुख्य रंग) आणि लॅकरला 1.3 नोझल, प्रायमर (रंगाखालचा थर) दाट असतो म्हणून त्याला 1.7 किंवा 1.8. प्रायमरसाठी वेगळी स्वस्त गन ठेवली तर उत्तम. कॉम्प्रेसरला 16 अँपिअरचा प्लग लागेल. लांब आणि बारीक एक्स्टेंशन वायर लावू नका. व्होल्टेज पडतं, मोटर तापते, संध्याकाळी तर जास्तच. वायर आखूड ठेवा आणि हवेचा पाईप लांब घ्या. पाईप आतून 10 मिलिमीटरचा असू दे, 6 चा नको.

गनचे पैसे वाचले तर ते वॉटर सेपरेटर आणि रेग्युलेटरवर घाला. हवा दाबली की तापते, पाईपात गार झाली की तिच्यातलं पाणी सुटतं. आपल्याकडं पावसाळ्यात टाकीखालचा नळ सोडून बघा, भांडं भरेल एवढं पाणी येतं. ते रंगात गेलं की फोड. सेपरेटर कॉम्प्रेसरच्या बुडाशी लावून उपयोग कमी, कारण तिथं हवा गरमच असते. पाच-सात मीटर पाईप गेल्यावर लावा.

आता जे कुणी सांगत नाही ते. चंदेरी रंग शिकाऊ हाताचा नाही. त्यातले ॲल्युमिनियमचे कण हात हलला तसे बसतात. एका पट्ट्यात ओले, दुसऱ्यात कोरडे बसले की उन्हात ढग दिसतात. रंगाचा कोड तुम्हाला दरवाजाच्या खांबावर किंवा इंजिनच्या खोलीत मिळेल, दुकानदार त्यावरून रंग मिसळूनही देईल. पण जुन्या गाडीचा रंग उन्हानं बदललेला असतो. त्यामुळं नुसता दरवाजा रंगवून भागत नाही, शेजारच्या पत्र्यावर रंग विरवत न्यावा लागतो.

दुसरं, लॅकर. पीयू (पॉलियुरेथेन) लॅकर कडक व्हायला त्यात जो हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा वास जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि एकदा छातीनं त्याचं वावडं धरलं की पुढं थोडासा फवारासुद्धा दमा उठवतो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. दोन डब्यांचा काळा मास्क थिनरच्या वाफेला चांगला, पण आयसोसायनेटसाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. आणि ती हवा रंगाच्या तेलवाल्या कॉम्प्रेसरमधून घ्यायची नसते. म्हणजे घरच्या पोर्चमध्ये, वर बायको-पोरं आणि शेजारी दूध तापवतायत अशा ठिकाणी, पीयू मारू नका. मी हे स्पष्ट लिहितोय, कारण दुकानातले लोक सामान विकताना हे सांगत नाहीत.

मग घरी काय करायचं? तयारी. बिलातला मोठा वाटा तिथंच असतो. साबणानं धुवा, मग ग्रीस काढायच्या द्रावणानं पुसा. पुसून झाल्यावरच घासा, उलट केलं तर सिलिकॉन पॉलिश घासून पत्र्यात जातं आणि रंगात खळगे पडतात. सुटलेला लॅकर कडेपर्यंत 320 नंबरच्या सँडपेपरनं घासून उतार द्या, बोट फिरवून पायरी लागता कामा नये. पत्रा उघडा पडला तर त्याच दिवशी प्रायमर. खड्डा असेल तर लांबी (पुट्टी) भरा, पण जाड नको. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त लागत असेल तर आधी डेंटिंग करून घ्या. लांबी 180 नं, प्रायमर पाणी घालून 600 किंवा 800 नं. प्रायमरवर काळ्या स्प्रेची हलकी धूळ मारून मग घासा, उरलेले काळे ठिपके म्हणजे खड्डे. मास्किंगला वर्तमानपत्र वापरलं तर दुहेरी लावा, एका पानातून थिनर झिरपतो.

एक डब्याचा, म्हणजे हार्डनर न लागणारा प्रायमर घरी मारा, घासा, आणि बेस व लॅकर बूथवाल्याकडून (स्प्रेसाठी बंद खोली असलेल्या पेंटरकडून) करून घ्या. घरी बेस मारून मग बूथकडं न्यायचं म्हणाल तर रस्त्याची धूळ बसते, आणि बहुतेक बेसवर ठराविक तासांत लॅकर पडावाच लागतो.

गन चालवायची हौस आहे ना? भंगारातून एक जुना फेंडर आणा आणि त्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारा. जुने लोक ज्याला ड्युको म्हणतात तोच. 1920 च्या दशकात जनरल मोटर्सनं तो गाड्यांवर आणला, कारण तो झटपट वाळतो. त्यात आयसोसायनेट नसतं, पण थिनर भरपूर असतो, म्हणून वाफेचा मास्क आणि हातमोजे हवेतच. गन वीतभरापेक्षा थोडी जवळ, 15 ते 20 सेंटिमीटरवर धरा. हात पत्र्याला समांतर, मनगट वळवायचं नाही, ट्रिगर पत्र्याच्या बाहेर दाबायचा आणि बाहेरच सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर चढवा. रंगाचा पहिला हात पातळ, वाळायला वेळ द्या, मग पुढचा.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. पोर्चला लागून गॅस गीझर असेल तर बंद करा, देवघरातली निरांजन आणि उदबत्तीसुद्धा. कॉम्प्रेसरच्या स्विचमध्ये ठिणगी पडते, तो बाहेर ठेवा.

प्रश्न: पावसाळ्यात एनसी मारला तर पांढरट साय का येते? कोणत्या महिन्यात काम करावं?
– एक वाचक, फुलेवाडी

उत्तर: थिनर उडताना पत्रा गार होतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं. स्लो (हळू उडणारा) थिनर घातलात तर फरक पडतो, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडं थांबणंच बरं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं, मात्र सकाळी दव असतं, अकरानंतर सुरू करा. आणि वाऱ्याची दिशा बघा. गुऱ्हाळं पेटली की उसाच्या चिपाडाची काळी राख लांबवर उडते, ओल्या पांढऱ्या रंगावर एक कण पडला तरी डोळ्यात खुपतो. मे मध्ये उलटा त्रास, रंग पत्र्यावर पोचायच्या आधीच सुकतो आणि खरखरीत बसतो. तिथंही स्लो थिनर. दुपारी चारनंतर वळीव येणार असं वाटलं तर गन उचलूच नका.

प्रश्न: काका, मी कॉलेजला आहे. बाईकचा फायबरचा मडगार्ड स्प्रे कॅननं रंगवला तर टिकेल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: टिकेल, पण पेट्रोल आणि उन्हाला तो कच्चा, म्हणून टाकीवर मारू नकोस. प्लास्टिक गुळगुळीत असेल तर 600 नं घास आणि त्यावर प्लास्टिक प्रायमर दे, नाहीतर दोन महिन्यांत पापुद्रा निघेल. कॅन चांगला हलव. थंडीत तो कोमट पाण्यात ठेव, गरम पाण्यात अजिबात नको. आणि खाली बटण असलेला टूके (2K, दोन भागांचा) कॅन दिसला तर त्यातही हार्डनर असतो. वर पीयू लॅकरबद्दल लिहिलेलं त्यालाही लागू.

प्रश्न: उद्यमनगरात सेकंड हँड कॉम्प्रेसर मिळतोय. काय तपासू?
– एक वाचक, उचगाव

उत्तर: विकणाऱ्यासमोर टाकी पूर्ण रिकामी करा, घड्याळ लावा आणि 6 बारपर्यंत भरायला किती वेळ लागतो ते बघा. टाकीचे लिटर गुणिले बार भागिले मिनिटं. 50 लिटरची टाकी 2 मिनिटांत 6 बारला आली तर मिनिटाला 150 लिटर, म्हणजे सुमारे 5.3 सीएफएम. एलव्हीएलपी गनला चालेल, एचव्हीएलपीला नाही. नंतर मोटर बंद करून काटा उतरतोय का बघा. भराभर उतरला तर वॉल्व्ह गळतोय. सेफ्टी वॉल्व्हची कडी ओढून हवा सुटते का ते पण बघा. आणि टाकीच्या तळाशी हातोडीनं हलकंच टकटक करा. आवाज बद्द आला किंवा गंजाचे पोपडे निघाले तर स्वस्तातही घेऊ नका, हायड्रो टेस्टचा (टाकीत पाणी भरून दाब तपासल्याचा) कागद दाखवल्याशिवाय तर नाहीच.