दुःखातून सावरताना कथा ऐकण्या-सांगण्याचा खरोखर उपयोग होतो का?

वडिलांच्या निधनानंतर मन थाऱ्यावर येत नाही, आप्तेष्ट 'कीर्तनाला जा, मन मोकळे कर' असे सांगतात. त्याने खरेच बरे वाटते का आणि त्यास आध्यात्मिक प्रगती म्हणावे का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ऐकणे आधी आणि सांगणे नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

मी सोलापूरचा असल्याने उदाहरण इथलेच देतो. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी विवाह करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने धरली. आपण योगी असल्याने विवाह शक्य नाही, असे सांगून त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची अनुमती दिली, अशी कथा आहे. दरवर्षी संक्रांतीच्या यात्रेत सिद्धेश्वर तलावाकाठी संमती कट्ट्यावर हा विवाह प्रतीकरूपाने लागतो. योगदंडाचे प्रतीक असलेले नंदीध्वज तेथे येतात आणि जमलेला समुदाय अक्षता टाकतो. मुलीची इच्छा पूर्ण झाली नाही, पण तिला कोणी हसलेही नाही. तिच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छेला अवघ्या गावाने आपल्या सणात जागा दिली. पुढे होमाच्या विधीत तिचे सती जाणे सूचित होते आणि तो भाग मला आजही खटकतो. तरीही शोकाकुल माणसाला या कथेतून जे मिळते ते उपदेशातून मिळत नाही: जे घडायला हवे होते ते घडले नाही, हे चारचौघांत मान्य करण्याची सोय. नारदीय कीर्तनकारही पूर्वरंगातील, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागातील, निरूपणावर थांबत नाही, उत्तररंगात, म्हणजे दुसऱ्या भागात, आख्यान (कथा) लावतो, ते बहुधा याचसाठी. हरिश्चंद्र-तारामतीसाठी रडणाऱ्याला आपण कोणासाठी रडतो आहोत, हे शेजाऱ्याला सांगावे लागत नाही.

आता सांगण्याविषयी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील क्लेशकारक घटनेविषयी लिहायला सांगितले होते. घटना आणि तिच्याविषयीच्या भावना असे दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक उदास वाटले. पुढील काही महिन्यांत मात्र आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याचे त्यांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम सरासरीने लहानच आढळला, त्यामुळे त्याला रामबाण समजू नये. उलट, आघात झाल्या झाल्या माणसाला एकाच बैठकीत सारे बोलून टाकायला लावण्याच्या पद्धतीचा लाभ संशोधनात दिसला नाही आणि काहींना त्याचा त्रासच झाला. म्हणून भेटायला येणारा प्रत्येक जण 'शेवटी नेमके काय झाले?' असे विचारू लागला, तर त्याला उत्तर देण्याचे बंधन आपल्यावर नाही.

आध्यात्मिक प्रगतीबाबत मी थोडा सावध आहे. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी आपले चरित्र स्वतःच अभंगांतून सांगितले आणि पतीने केलेली मारहाणही त्यात झाकून ठेवली नाही. मात्र त्या पतीचे वैदिक कर्मठपण, त्याचा संताप आणि नंतर त्याच्यात झालेला बदल यांनाही त्यांनी जागा दिली. आपलीच गोष्ट पुन्हा सांगताना तिच्यात दुसऱ्याची बाजू मावू लागणे, इतपतच खूण मी प्रगतीची मानतो. ती घाईने येत नाही, आणि अन्याय सोसणाऱ्याकडून तिची मागणी तर मुळीच करू नये.

आपण सध्या जवळच्या एखाद्या कीर्तनाला मागे बसून यावे, आणि बोलावेसे वाटेल तेव्हा मध्येच तात्पर्य न काढणारा एखादा माणूस निवडावा. झोप, जेवण आणि काम कित्येक आठवडे विस्कळीत राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटू लागले, तर तेवढीही वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीतही बोलता येते.