'उंच माझा झोका' बघितली, आता पुस्तक वाचू का?

प्रश्न : सासूबाई आणि मी मिळून 'उंच माझा झोका' परत बघतोय. त्या म्हणतात रमाबाई म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांची बायको आणि बायकांसाठीच्या सेवासदन संस्थेवाली, लेखिका कुठली? मी म्हणते पुस्तक लिहिलंय ना त्यांनी. ते आता वाचलं तर झेपेल का, आणि सिरीयलमधलं खरं किती?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, वाचाच, आणि सासूबाईंना पण वाचून दाखवा. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे ते पुस्तक, १९१० सालचं, म्हणजे माधवराव (न्यायमूर्ती रानडे) गेल्यावर नऊ वर्षांनी आलेलं, प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. बाईमाणसाने आपल्या घरातलं असं उघडपणे लिहायची तेव्हा पद्धतच नव्हती हो, त्यामुळे लेखिका म्हणायला मी तरी जराही कचरणार नाही.

सिरीयलचा गाभा खराच आहे. २०१२ ला झी मराठीवर सुरू झाली तेव्हा तेजश्री वालावलकरची छोटी रमा घराघरात लाडकी झाली, पुढे स्पृहा जोशी आली, माधवराव विक्रम गायकवाड. रमाबाई म्हणजे माहेरची यमुना कुर्लेकर, तुमच्याच भागातली बरं का, देवराष्ट्रे गावची, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव पण तेच. १८७३ ला लग्न झालं तेव्हा ती ११ वर्षांची आणि ते ३१ चे, त्यांची पहिली बायको त्याच वर्षी गेलेली, माधवराव आता विधवेशी लग्न करतील या धास्तीने त्यांच्या वडिलांनी घाईने उरकलेलं लग्न. आणि सिरीयलमधला माधवराव रमाला शिकवतात तो पाटी-पेन्सिलचा प्रसंग बनवलेला नाही, 'श्रीगणेशाय नमः' ही सात अक्षरं गिरवण्यापासून सुरुवात झाली ते त्यांनीच लिहून ठेवलंय.

पण पुस्तकात जो आवाज आहे तो पडद्यावर पूर्ण येत नाही. सिरीयलला रोजचा एपिसोड भरायचा असतो, म्हणून घरातल्या बायकांचे टोमणे ठसठशीत करावे लागतात. रमाबाई तेच फार शांतपणे सांगतात, वर नवऱ्याकडे शिकायचं आणि खाली आलं की सगळ्यांचं बोलणं ऐकून घ्यायचं, उलट उत्तर नाही, आणि इतक्या वर्षांनी लिहितानाही कुणाबद्दल आकस नाही. मला तर कलकत्त्याचा प्रसंग सगळ्यात आवडतो. माधवराव दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाच बंगाली शब्द विचारत पुस्तक वाचत बसलेले, रमाबाईंना ते बघून हसू आवरेना की हे कसले मास्तर, तर माधवराव म्हणाले दत्तात्रेयाने चोवीस गुरू केले होते. एवढा मोठा जज्ज माणूस, आणि बायको त्याला हसतेय हे तिने स्वतः लिहिलंय, ते लिहायला लेखिकाच लागते.

नावांतला फरक पण बघा, सिरीयल 'माझा' म्हणते, पुस्तक 'आमच्या' म्हणतं. नवऱ्याच्या आठवणी सांगते असं म्हणत म्हणत त्या स्वतःचंच घडणं सांगून गेल्यात, आणि मला तो 'आमच्या' जास्त खरा वाटतो.

सासूबाई मात्र एका बाबतीत बरोबर आहेत. पुस्तक १९०१ ला, माधवरावांच्या मृत्यूपाशी थांबतं, पुण्याचं सेवासदन १९०९ चं, आणि १९२४ पर्यंतचं त्यांचं एकटीचं काम त्यात नाहीच.

भाषा जुनी आहे, वाक्यं लांब, पण मनातल्या मनात वाचू नका. रोज चार पानं मोठ्याने वाचा, सासूबाईंना समोर बसवून.